चाळीस मिनिटांत जॉइनिंग

आमच्या कंपनीत नवीन माणूस रुजू व्हायचा तेव्हा पूर्वी दोन दिवस जायचे. पहिला दिवस कागदांत. दुसरा दिवस युनिफॉर्म, बूट, डॉक्टरचा दाखला, मग ज्या खात्यात काम करायचं तिथला साहेब जागेवर असला तर त्याची गाठ. वालीवला तीन गाळे एकत्र करून उभी राहिलेली ही कंपनी, पॅकिंगची पुठ्ठ्याची खोकी बनवते. एचआरमध्ये मी एकटीच. कितीतरी माणसं पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बाकड्यावर बसून कंटाळायची आणि दुसऱ्या दिवशी यायचीच नाहीत. मग आमचे मॅनेजरसाहेब एकदा मला म्हणाले, "भरतीचं काहीतरी करा. माणूस सकाळी दारात आला की संध्याकाळपर्यंत तो आपला झाला पाहिजे."

मी ते फार मनावर घेतलं. सगळे फॉर्म मराठी आणि हिंदीत करून घेतले. बुटांचं आणि शर्टाचं माप आदल्या दिवशी फोनवरच विचारायला लागले. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने आधीच फुली मारून ठेवायची, म्हणजे माणसाला काही वाचत बसावं लागायचं नाही. दोन दिवसांचं काम चाळीस मिनिटांवर आलं. वर्षाच्या मीटिंगमध्ये साहेबांनी मला उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी घरी आइस्क्रीम घेऊन गेले होते.

हे सांगते, कारण नाहीतर पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की बाई निष्काळजी होती. तशी मी नव्हते. मला घाई होती.

त्याच वर्षी डिस्पॅचला क्लार्क हवा होता. गाडी भरून निघाली की चलन करायचं, गेटपास द्यायचा, असं काम. एक गृहस्थ मुलाखतीला आले. वय पन्नाशीच्या थोडं पुढे, कडक इस्त्रीचा शर्ट, सर्टिफिकिटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एकामागे एक लावलेली. अंधेरीच्या एका ऑफिसात बावीस वर्षं हेच काम केलं होतं. आठ महिन्यांपूर्वी ती नोकरी संपली होती.

साहेबांनी विचारलं, "आठ महिने काय केलंत मग?"

"घरगुती कारण होतं, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फॉर्मवर 'घरगुती' असं लिहिलं आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो. त्यांना काम येत होतं हे दोन मिनिटांत कळत होतं. साहेब म्हणाले, "उद्यापासून याल?" साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते "येतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मी पोचले तर ते गेटबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर बसलेले होते. मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. वॉचमन म्हणाला, "मॅडम, हे साडेसातपासून बसलेत. मी सांगितलं, नऊला उघडतं, तर म्हणाले, असू दे." नवीन नोकरीचा उत्साह, असं मला वाटलं. पुढचे तीन दिवसही ते असेच लवकर येऊन बसले, आणि दरवेळी मला ते कौतुकाचंच वाटलं.

फॉर्म भरताना ते माझ्या टेबलासमोर बसले. फुली दिसेल तिथे सही करत गेले. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे, नाव, नाते, फोन. तिथे ते थांबले.

"मॅडम, हे नंतर भरलं तर चालेल?"

"का, नंबर पाठ नाही का?" मी हसत विचारलं.

"तसं नाही. देतो नंतर."

बाहेर बाकड्यावर तीन मशीन ऑपरेटर बसले होते. घड्याळात चाळीसपैकी तीस मिनिटं होऊन गेली होती. "चालेल, उद्या द्या," मी म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण अगदी सावकाश लावलं, पेन माझ्याकडे सरकवलं आणि "थँक यू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही, त्यांनी दिलं नाही.

आधीच्या क्लार्कचं टेबल मधल्या काळात अकाउंट्सवाल्यांनी उचलून नेलं होतं. म्हणून त्यांना डिस्पॅचच्या शटरजवळ एक स्टूल दिलं. चलनबुक मांडीवर ठेवून ते लिहायचे. "दोन दिवसांत टेबल येईल," असं त्यांना मीच सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी, जेवणाची सुट्टी संपून दहाएक मिनिटं झाली असतील, हमाल धावत वर आला. "नवीन क्लार्क पडले." मी खाली गेले तर ते शटरपाशी आडवे झालेले. चेहरा घामाने भिजलेला, ओठ पांढरे. स्टोअर सांभाळणाऱ्या आंटी त्यांच्या शर्टाची बटणं सोडत होत्या. आंटी राजोडीच्या, गेली वीस वर्षं कंपनीत. त्यांच्याइतकं कोणीच तिथे शांत नव्हतं. साहेबांच्या गाडीतून आम्ही त्यांना जवळच्या हॉस्पिटलात नेलं. हार्ट अटॅक. डॉक्टरांनी आत घेतलं आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, "घरचं कोण आहे?"

मी ऑफिसला फोन करून त्यांची फाइल काढायला लावली. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग आमचा अकाउंटंट म्हणाला, "मॅडम, ती ओळ कोरी आहे."

कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करतात. त्यांचा फोन वॉचमनच्या खणात होता, तो मागवून घेतला. त्याला पॅटर्नचं कुलूप होतं. पडद्यावर फक्त 'घर' अशी अक्षरं आणि दोन मिस्ड कॉल दिसत होते. नंबर दिसत नव्हता, उलट फोनही लावता येत नव्हता. पुन्हा वाजेल म्हणून मी तो फोन हातात धरून ठेवला. तो वाजला नाही.

अंधेरीच्या त्यांच्या जुन्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ईमेल करा मॅडम, आम्ही बघतो." मी तिला चिडून बोलले. नंतर मनात आलं, माझ्याकडे असा फोन आला असता तर मीही हेच सांगितलं असतं.

फॉर्मवरचा पत्ता आधार कार्डावरूनच उतरवलेला होता, विरारचा, मनवेलपाड्याचा. आंटींना हॉस्पिटलात बसवून मी रिक्षा केली. त्या खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. खालच्या किराणावाल्याला मात्र आठवलं. "ते का? ते आचोळ्याला गेले, चार वर्षं झाली. वहिनी साड्यांना फॉल-बिडिंग करतात. खाली बोर्ड असेल बघा."

आचोळे म्हणजे माझंच घर. त्या रस्त्याने मी रोज रिक्षा पकडायला जाते. फॉल-बिडिंगचे तीन बोर्ड मला तोंडपाठ होते. पहिल्या दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसरा बोर्ड आमच्या इमारतीपासून चालत सात मिनिटांवर. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली तेव्हा सहा वाजून गेले होते.

दार उघडलं त्या बाईंच्या गळ्यात मापाची टेप होती. त्यांची नजर आधी माझ्या हाताकडे गेली, पिशवी शोधत. "फॉल लावायचाय का?"

मी नाव सांगितलं. ते इथेच राहतात ना, म्हटलं.

"हो. पण ते अजून यायचेत. अंधेरीला असतात."

"मी वालीवहून आलेय. ते आमच्या कंपनीत लागलेत. आज चौथा दिवस."

"नाही हो," त्या म्हणाल्या, अगदी समजुतीने. "तुमचा काहीतरी घोटाळा झालाय. सकाळी सात दहाला गेलेत ते अंधेरीला. नावासारखं नाव असेल. घामाघूम झाल्यात तुम्ही, पाणी देऊ?"

मी पर्समधून त्यांचा फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, उलटा करून मागचं कव्हर पाहिलं, पुन्हा सरळ केला. पडद्यावर त्यांचेच दोन कॉल होते.

"चष्मा घरी राहिला होता," त्या म्हणाल्या. "शोधत बसतील म्हणून केला होता फोन. ऑफिसात फोन केलेला त्यांना चालत नाही." मग त्यांनी विचारलं, "त्यांना काय झालंय?"

रिक्षात त्या माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. कॉलेजातून नुकतीच आलेली मुलगी पलीकडे, आईचा दंड धरून. सातिवलीच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "अंधेरीचं कधी सुटलं?"

खोटं सांगायचं मनात आलं होतं. पण मी म्हटलं, "आठ महिने झाले."

मुलगी "आई" म्हणाली, तर त्यांनी हाताने तिला गप्प केलं.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सात वाजायला आले होते. त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. शुद्ध नव्हती. आंटी उठून उभ्या राहिल्या आणि आपली खुर्ची त्यांनी त्या बाईंना दिली. मला जरा बाजूला नेऊन म्हणाल्या, "चारच्या सुमारास जागे झाले होते ते. मला आत बोलावलं होतं. घरी, घरी, असं काहीतरी म्हणाले. मी विचारलं, नंबर सांगता का? त्यांनी मान हलवली. हो की नाही ते काय मला कळलं नाही. मग मी म्हटलं, घरची येतायत, निघालीत. खोटंच. काय करणार?"

पहाटे ते गेले. नंतर मी डॉक्टरांना मुद्दाम भेटून विचारलं. त्यांचं म्हणणं, घरचे आधी आले असते तरी उपचारांत फरक पडला नसता. माझी समजूत घालायला ते तसं म्हणाले असतील किंवा खरंही असेल. पण चार वाजता त्या माणसाने डोळे उघडले होते, आणि तेव्हा त्याच्या उशाशी आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. त्याच्या बायकोला तिथे पोचायला अर्धा तास पुरला असता.

दहा-बारा दिवसांनी बाई मुलीला घेऊन कंपनीत आल्या, नवऱ्याची बॅग न्यायला. बॅग मी टेबलावर काढून ठेवली होती. त्यांनी तिला हात लावला नाही. "ते कुठे बसायचे, ते बघू का?" असं विचारलं.

मी त्यांना खाली नेलं. दोन दिवसांत येणारं टेबल अजून आलेलं नव्हतं. स्टूल तिथेच होतं, त्यावर कुणीतरी दोऱ्याचं रीळ ठेवलं होतं. हमालाने घाईने ते उचललं आणि स्टूल फडक्याने पुसलं. पुसायला नको होतं, असं मला वाटून गेलं.

"इथे?" मुलीने विचारलं.

"इथे," मी म्हणाले.

बाई सगळीकडे पाहत होत्या. पुठ्ठ्याचे ढीग, भिंतीवरचा पंखा, शटर. मग म्हणाल्या, "जेवायचे कुणाबरोबर?"

मी वळून आंटींकडे पाहिलं. आंटी पुढे आल्या. "मागे रीळ ठेवतात ना, तिथे एकटेच बसायचे. आम्ही सगळे कँटीनमध्ये. मी बोलावणार होते, पण इस्त्रीचा शर्ट, वयाने मोठे, मला वाटलं ऑफिसर माणूस, आमच्यात नाही बसणार."

"त्यांना चौघांत डबा उघडायची सवय," बाई म्हणाल्या. "अंधेरीला चारजण होते त्यांच्या टेबलावर. मी भाजी नेहमी जास्त द्यायचे, चौघांना पुरेल अशी. रोज डबा रिकामा घेऊन यायचे." बोलता बोलता त्या थांबल्या आणि मुलीकडे वळल्या. "मग गं, इतके महिने ती भाजी कोण खात होतं?"

मुलीने तोंड फिरवलं. आंटींनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला. ते आठ महिने ते रोज कुठे बसत होते, हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. त्यांचं ओळखपत्र छापून आलं होतं, ते द्यायचं होतं. खरं म्हणजे मला दुसरंच सांगायचं होतं. त्या ओळीचं त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. पत्ता जुना होता म्हणून उशीर झाला, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि कंपनीत साहेबांनी मला बजावलंही होतं की तेवढंच असू द्या.

शिलाई मशीनवर एक हिरवी साडी अर्धवट सोडलेली होती. त्यांनी चहा ठेवला. मी सांगितलं. ते नंतर देतो म्हणाले, मी चालेल म्हणाले, बाहेर माणसं थांबली होती. जरा विचारलं असतं, पाच मिनिटं बसले असते, तर कदाचित ते बोलले असते. किमान तुमचा नंबर माझ्याकडे असता. तुम्ही अडीच-तीनलाच पोचला असतात.

त्यांनी ओळखपत्र हातात धरलं होतं. त्यावरचा फोटो पहिल्याच दिवशी काढलेला, त्या इस्त्रीच्या शर्टातला. बराच वेळ त्या तो बघत राहिल्या.

"शर्टाला इस्त्री मीच करायचे," त्या म्हणाल्या. "रोज रात्री. आठ महिने केली. माझ्या लक्षात यायला नको होतं का? शर्टाला पूर्वी शाईचे डाग असायचे. मग एकदम येईनासे झाले. मला वाटलं, पेन बदललं असेल. मी तरी कुठे विचारलं."

"तुमची काय चूक," मी म्हणाले.

"तुमचीही नसेल मग," त्या म्हणाल्या. त्यात माफी नव्हती, रागही नव्हता. चहा झाल्यावर मी उठले. दारापर्यंत त्या आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू का? आता येऊ नका तुम्ही. राग नाही माझा. पण तुम्ही दारात दिसलात की मला परत ती बेल ऐकू येते."

मी मान हलवली आणि जिना उतरले.

कंपनीत मी नंतर पुष्कळ गोष्टी बदलल्या. साहेब म्हणाले, "चाळीस मिनिटांचे पुन्हा दोन दिवस करू नका." मी म्हटलं, "दोन नाही, एक दिवस द्या. पण पूर्ण." सहीच्या फुल्या बंद केल्या. माणूस यायच्या आधी त्याचं टेबल, खुर्ची, बॅग अडकवायच्या खिळ्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी, हे तयार असल्याशिवाय मी जॉइनिंगची तारीखच देत नाही. पहिला आठवडा आंटी नव्या माणसाला स्वतः कँटीनला घेऊन जातात, मग तो ऑफिसर असो की हमाल. त्यांच्या डब्यात सुकट असली तर आधी विचारतात, वास चालेल ना? मुलाखतीत मधल्या रिकाम्या महिन्यांबद्दल आता साहेब चारचौघांत विचारत नाहीत. मी नंतर चहाच्या वेळी विचारते.

सगळंच नीट झालं असं नाही. सुरुवातीला माणसाने दिलेल्या नंबरवर मी त्याच्यासमोरच फोन लावून घरच्यांशी बोलायचे, तुमचा माणूस आमच्याकडे लागलाय म्हणून. मला वाटलं, यात कसलं वाईट. एका बाईने बहिणीचा म्हणून नंबर दिला, तो खरा तिच्या घरचाच होता आणि सासरी उचलला गेला. तिने नोकरीचं घरी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दीर गेटवर आला. ती परत आलीच नाही. पॅकिंगला तिच्यासारखा हात चालणारी नंतर मिळाली नाही, पण मला तिचं तोंड आठवतं ते मी फोन लावत असतानाचं. ती मला थांबवू बघत होती आणि मी हाताने तिला 'एक मिनिट' अशी खूण केली होती. तेव्हापासून फोन लावणं बंद केलं. आता नुसतं विचारते, आणि माणूस जेवढं सांगेल तेवढं ऐकून घेते. काहीजण बोलतात. एकजण तासभर बोलला होता. काहीजणांना मी चोंबडी वाटते, तेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

माणसं आता पूर्वीइतकी सोडून जात नाहीत. साहेबांनी एकदा पुन्हा मीटिंगमध्ये उभं राहायला सांगितलं, तेव्हा मी बसूनच राहिले.

त्या बाई अजून आचोळ्यालाच आहेत. त्यांच्या इमारतीवरून जावं लागू नये म्हणून मी तलावाकडून लांबचा रस्ता धरते. तरी संध्याकाळी भाजीच्या गाड्यांपाशी कधीतरी समोर येतात. पहिली दोन वर्षं त्या मला पाहून दुसऱ्या गाडीकडे वळायच्या. मागच्या महिन्यात वळल्या नाहीत. मेथीच्या जुड्या निवडत होत्या, शेजारी मी. भाजीवाल्याने मला आधी विचारलं तर मी म्हटलं, "ह्यांना द्या आधी." त्यांनी जुडी पिशवीत घातली, माझ्याकडे पाहून थोडी मान हलवली आणि गर्दीतून निघून गेल्या. मी तिथे भाजी घेतली नाही. तशीच घरी आले.